जागच्या जागी चालणारा

आईनं विणलेला राखाडी स्वेटर मी चादरी-टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकला आणि बटण साठ अंशांवर फिरवलं. दीड तासानं दार उघडलं. स्वेटर होता, पण चार वर्षांच्या पोराच्या मापाचा. बाह्या आखडलेल्या, गळा आवळलेला, विणीचे टाके कुठं गेले ते दिसेनात. लोकर एकमेकांत अशी मुरली होती की दोन्ही हातांनी ताणलं तरी हलेना. घोंगड्याचा तुकडा कापून शिवावा तसा जाड आणि दडदडीत.

यात शरमेची गोष्ट अशी की माझं आडनाव परीट. गडहिंग्लज तालुक्यातल्या आमच्या गावात आज्ज्यानं अख्ख्या पेठेची धुणी धुतली, आप्पांनी तालुक्याच्या गावी कोळशाच्या इस्त्रीवर आम्हा भावंडांची शिक्षणं काढली, आणि मला इंग्लंडातल्या लीड्समध्ये येऊन एक स्वेटर धड धुता आला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा पराक्रम सांगितला. समोर बसणारा वॉकर खो खो हसला. तिकडं सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, पण माझ्या डोक्यात तो वॉकरच. आपल्याकडं कसं पाटील, माने, देसाई, तसं. मी त्याला विचारलं, तुझ्या आडनावाचा अर्थ काय रे? म्हणाला, काय असणार, चालणारा. पूर्वज पोस्टमन असतील. हा गृहस्थ पार्किंगपासून लिफ्टपर्यंतसुद्धा कुरकुरत चालतो, त्यामुळे आम्ही दोघंही हसलो आणि विषय तिथंच राहिला. जाता जाता तो एवढंच म्हणाला की त्याच्या आजीच्या गावाकडं लोकरीच्या कापडाची एक जुनी गिरणी आहे, तुझ्या स्वेटरचं काय झालं ते तिथं कळेल.

तिथं कळलं. स्वेटरचंही आणि वॉकरचंही.

हेल्मशोर हे लँकशायरमधल्या रॉसेनडेलच्या खोऱ्यातलं गाव. तिथं १७८९ साली बांधलेली दगडी गिरणी आहे, आत मोठं पाणचाक, आणि चाकाला जोडलेले लाकडी हातोडे, म्हशीच्या डोक्याएवढे. चाक फिरलं की एकेक हातोडा उचलला जातो आणि खालच्या कुंडातल्या ओल्या कापडावर येऊन पडतो. धप्प. थोडी उसंत. धप्प. मला आमचा ओढा आठवला. आज्जा आणि चुलते ओळीनं उभे राहून दगडावर धुणं आपटायचे, एकाचा हात वर तेव्हा दुसऱ्याचा खाली. लांबून आवाज ऐकला की आज किती जण आलेत ते सांगता यायचं.

माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, हे हातोडे यायच्या आधी हेच काम पायांनी व्हायचं. माणसं हौदात उतरून तासन्‌तास कापड तुडवायची. त्यांना वॉकर म्हणत.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड तसं कुचकामीच असतं. विरविरीत, आरपार दिसणारं, मेंढीच्या तेलानं आणि विणकरानं लावलेल्या तुपकटपणानं चिकट. ते कोमट पाण्यात घालून तुडवलं, घोळसलं, उलटंपालटं केलं की दोन गोष्टी होतात. तेल निघतं, आणि कापड आटतं. लोकरीच्या प्रत्येक केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि रगडा मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आखूड होतं, जाड होतं, वारा आणि पाऊस अडवायला लागतं. माझ्या मशीननं दीड तासात फुकट केलं ते हेच. कोल्हापूर-सांगलीकडं पिंजारी लोक लोकर पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून, दाबून जेन, म्हणजे बसायची जाड लोकरी बैठक, करायचे, त्यातली करामतही हीच. फरक एवढाच की त्यात विणकाम नाही, नुसती लोकर.

तेल काढायला साबण परवडायचा नाही. मग काय वापरायचे? शिळं मूत्र. घरोघरी पिंपं ठेवून ते गोळा करत, काही दिवस मुरवत. मुरलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलाला पकडतो. वॉकर त्यात गुडघाभर उभा राहून दिवसभर चालायचा, आणि संध्याकाळी जिथल्या तिथं असायचा. रोममध्ये हा धंदा एवढा मोठा होता की सम्राट व्हेस्पासियननं मूत्रावर कर बसवला. मुलानं नाक मुरडलं तेव्हा बापानं नाणं त्याच्या नाकाखाली धरून विचारलं म्हणे, ह्याला येतो का वास? पाँपेईच्या अवशेषांत अशा तुडवणाऱ्यांचे हौद अजून बघायला मिळतात.

मुतानं झालं की मातीनं धुवायचं. एक विशिष्ट, तेल शोषून घेणारी माती. इंग्रजीत तिला फुलरची, म्हणजे कापड तुडवणाऱ्याची, माती म्हणतात, आणि लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात तिच्या खाणी होत्या. आपण तिला मुलतानी माती म्हणतो. लीड्सच्या इंडियन स्टोअरमधून बायकोनं आणलेल्या पुड्यावर दोन्ही नावं छापलेली आहेत. चेहऱ्याला लावायच्या त्या पुड्यावर माझ्या धंद्याचं नाव लिहिलंय हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

शेवटी ते ओलं, आटलेलं कापड माळावर लाकडी चौकटींना ताणून वाळत घालायचं. चौकटीला ओळीनं वाकडे खिळे असत, कापडाची किनार त्यात अडकवायची, म्हणजे वाळताना सुरकुती पडत नाही. त्या खिळ्यांना म्हणत टेंटरहुक. निकालाची वाट बघणारा इंग्रज अजूनही आपण टेंटरहुकवर आहोत असं म्हणतो. आपलाही जीव टांगणीलाच लागतो. कापड वाळत घालणाऱ्यांनी दोन्हीकडं भाषेला सारखंच दिलेलं दिसतं.

आता शब्दाकडं. जुन्या इंग्रजीत घोळणं, लोळवणं, उलटंपालटं करणं अशा अर्थाचं एक क्रियापद होतं, वेआल्कन. त्याच्यावरून कापड घोळणारा तो वॉकर. जर्मनमध्ये वाल्कन हे क्रियापद अजून कापडाच्या या कामाला वापरतात. पायी चालणं हा अर्थ इंग्रजीत त्या शब्दाला नंतर, साधारण तेराव्या शतकात चिकटला. म्हणजे धंदा आधीचा, चालणं नंतरचं. जगभरचे लोक सकाळी वॉकला जातात ते आमच्या ह्या हौदातून बाहेर पडून. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर बायका टेबलाभोवती बसून ओलं कापड हातांनी आपटत, ढकलत फिरवायच्या आणि तालावर गाणी म्हणायच्या. जात्यावरच्या ओव्यांसारखीच ती गाणी कामाच्या चालीवर बेतलेली, काम थांबलं की अर्धी ओळखू न येणारी.

गंमत म्हणजे इंग्लंडभर हे काम एकच, पण आडनावं तीन. दक्षिणेत आणि पूर्वेला फुलर. नैऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडं, टकर. उत्तरेत आणि मध्य-पश्चिमेत वॉकर. फुलर लॅटिनमधून आलेला, टकर ज्या जुन्या शब्दातून आला त्याचा मूळ अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करणारा! डेव्हनमधल्या एक्सेटरला विणकर, फुलर आणि कातरकामवाल्यांच्या संघाची पंधराव्या शतकातली वास्तू उभी आहे, तिचं नाव टकर्स हॉल. वेल्समध्ये अशा गिरणीला पांडी म्हणतात, त्यावरून टोनीपांडीसारखी गावांची नावं पडली. ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आपला कुणी उत्तर प्रदेशी पांडे तिथं जाऊन वसला असेल असा तर्क लढवला होता. आपल्याकडं कसं एकाच कामाला परीट, धोबी, मडवाळ. गाव बदललं की नाव बदलतं. गोव्याकडं कुणाचं आडनाव मडवळकर असलं की मी आपसूक कान टवकारतो.

ही आडनावं पक्की कधी झाली? १०६६ साली नॉर्मन लोक आले, त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत हळूहळू. गावात जॉन, विल्यम आणि रॉबर्ट यांचाच सुळसुळाट, त्यामुळं कर गोळा करणाऱ्याला खूण लागायची. कुठला जॉन? तो तुडवणारा जॉन. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीनदा डोईपट्टी बसली. तिच्या याद्यांत अशी धंदेवाईक नावं रांगेनं भेटतात. बाप वॉकर म्हणून पोरगाही वॉकर, मग तो सुतारकी करो नाहीतर शेती.

आणि इथं एक भारी योगायोग आहे. पाण्यावर चालणाऱ्या कापड-कुटणीच्या गिरण्यांचा इंग्लंडमधला सगळ्यांत जुना उल्लेख सापडतो तो टेम्पलर नावाच्या लढवय्या धर्मसंघाच्या ११८५ सालच्या मालमत्तेच्या नोंदीत. त्यातली एक गिरणी टेम्पल न्यूसमला होती. ते आता लीड्सच्या हद्दीत येतं, माझ्या घरावरून बस जाते. पुढच्या शतकात अशा गिरण्या भराभर झाल्या. म्हणजे ज्या काळात वॉकर हे आडनाव घराण्याला चिकटत होतं, त्याच काळात वॉकरचे पाय हौदातून बाहेर निघत होते. काम हातोड्याकडं गेलं आणि नाव माणसाकडं राहिलं. गिरणीलासुद्धा लोक वॉक मिलच म्हणत. लँकशायरमध्ये बर्नलीजवळ त्या नावाची वस्ती अजून आहे.

उत्तरेत लोकर, लोकरीमागं वॉकर. यॉर्कशायरच्या पश्चिम भागात घरटी माग होता. हॅलिफॅक्सला १७७९ साली नुसतं हातमागाचं कापड विकायला तीनशेवर खोल्यांचा बाजार बांधला, तो अजून दिमाखात उभा आहे. तिथल्या चौकात उभं राहून मी मोजत बसलो होतो, एवढं कापड म्हणजे किती पाय. आज ब्रिटनमधल्या पहिल्या वीस आडनावांत वॉकर आहे. अमेरिकेतही पहिल्या पन्नासांत, आणि तिथं हे आडनाव लावणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा मोठा. गुलामगिरीनंतर लाखो माणसांनी आडनावं घेतली. काहींनी मालकाचं, काहींनी जाणूनबुजून दुसरंच.

त्यांतल्या एका बाईंवर मी जरा जास्त रेंगाळलो. सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७, लुईझियाना, आई-बाप गुलामीतून सुटलेले. लहानपणी कापसाच्या शेतात राबल्या. पुढं सेंट लुईसमध्ये वर्षानुवर्षं लोकांचे कपडे धुतले. १९०६ साली चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी लग्न केलं, केसांच्या तेला-मलमांचा धंदा उभारला आणि मॅडम सी. जे. वॉकर या नावानं एवढं कमावलं की अमेरिकेतल्या स्वबळावर श्रीमंत झालेल्या पहिल्या बायकांमध्ये त्यांचं नाव घेतात. १९१२ सालच्या एका भाषणात त्यांनी स्वतःचा प्रवास सांगितला होता: कापसाच्या शेतातून मला धुण्याच्या टबाकडं बढती मिळाली. बढती! परटीण बाईनं नवऱ्याकडून आडनाव घेतलं, आणि त्याचाही अर्थ जवळपास परीटच निघावा. त्यांना हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

खुद्द वॉकर लोकांनाच माहीत नसतं. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नकच्या किराणा दुकानदाराचं, जॉन वॉकरचं, उदाहरण घ्या. १८२० साली दुकान काढलं, पुढं घराण्यानं व्हिस्की मोठी केली आणि १९०८ साली बाटलीसाठी चित्र काढून घेतलं. काय चित्र? उंच हॅट, काठी, लांब ढांग टाकून चाललेला साहेब. किल्मार्नक म्हणजे लोकरीच्या टोप्यांचं गाव, पण बाटलीवर हौद आणि पाय आले नाहीत. ते बरंच झालं म्हणा, त्या पिवळसर पाण्यात उभ्या माणसाचं चित्र व्हिस्कीवर कुणी घेतलं असतं? मग मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरकी करणाऱ्या, प्रवाशांना हसवणाऱ्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तनी त्या बाटलीचं नाव दिलं, आणि पडद्यावर झोकांड्या खाणारा, प्रत्यक्षात दारूला न शिवणारा जॉनी वॉकर तयार झाला. लहानपणी वाचलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळही शहरात येताना मिस्टर वॉकर व्हायचा, कारण तो चालतं-फिरतं भूत. जो तो नावाचा वरवरचा अर्थ घेतो आणि पुढं जातो. इंग्रजी पाटी वाचून वाळकेश्वरला चालायला जाण्यातला प्रकार.

हे सगळं वाचता वाचता एका रात्री चौदाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलाशी गाठ पडली, विक्लिफ नावाच्या धर्मसुधारकाच्या प्रेरणेनं झालेल्या. मार्कच्या नवव्या अध्यायात डोंगरावर येशूचे कपडे लखलखीत होतात. इतके पांढरे, की पृथ्वीवरच्या कुठल्याही अमुक माणसाला तसे करता येणार नाहीत. त्या अमुकच्या जागी दोन शब्द आहेत: फुलर किंवा वॉकर. मी फोनवर मराठी बायबल उघडलं. तीच ओळ, तोच डोंगर, आणि तिथं शब्द आहे परीट.

मी बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसलो. म्हणजे तो समोर बसणारा माणूस आणि मी, आमचं आडनाव एकच.

एकच, पण सारखं नाही. शाळेत गुरुजी रामायण शिकवताना सीतात्यागाला आले की वर्गातली सगळी डोकी माझ्याकडं वळायची. रामाच्या कानावर बोल गेला तो परटाचा, आणि परीट म्हणजे तिसऱ्या बाकावरचा मी. गुरुजीही एकदा हसत म्हणाले होते, काय परीट, आज कुणाबद्दल काय बोलणार? त्यांच्या मनात वाईट नसेल. पण मी त्या दिवशी घरी जाऊन आईला म्हटलं होतं की आडनाव बदलू या. तशी पद्धत आमच्यात नवी नाही. गाडगेबाबा आमच्यातलेच, त्यांचं आडनाव जाणोरकर, म्हणजे गावाचं. गावाचं नाव लावलं की विचारणाऱ्याला एक प्रश्न जास्त विचारावा लागतो. आमची भाषा तशी कौतुकही करते: परीटघडीचे कपडे म्हणजे नीटनेटकेपणाची हद्द, आणि तालमीत धोबीपछाड मारला की टाळ्या पडतात. फक्त घडी घालणाऱ्याला पंगतीत कुठं बसवायचं, हे आडनावावरून ठरायचं.

वॉकरला कुणी विचारत नाही, तुझे पूर्वज कशात उभे असायचे. त्याच्या आडनावानं धंदा सोडला, मग अर्थ सोडला, आणि सहाशे वर्षांत ते नुसता आवाज होऊन राहिलं. पोस्टमन असतील, असं तो किती सहज म्हणाला! मला त्या क्षणी त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. विसरायची मुभा असणं ही केवढी ऐश आहे.

सोमवारी त्याला सगळं सांगितलं. हौद, मूत, पाय. मला वाटलं, चेहरा पडेल. कसला पडतोय. त्यानं खुर्ची गर्रकन फिरवली आणि अख्ख्या मजल्याला ओरडून सांगितलं. दुपारपर्यंत त्याच्या टेबलावर कुणीतरी रिकामी बादली आणून ठेवली होती, ती आठवडाभर तिथंच होती. घरी फोन करून त्यानं बापालाही सांगितलं, आणि बापही हसला म्हणे.

मीही फोन केला. रविवारी, आप्पांना. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगताना गोष्ट आपोआप आखूड होते.

"म्हंजे परीटच की त्यो," आप्पा म्हणाले.

"परीटच आप्पा. पण पायानं."

"पायानं तुडवत्यात की, घोंगडी-वाकळा आम्ही बी पायानंच तुडवायचो. हातानं कुठं आवरतीय वाकळ." थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग, "त्याला ठावं न्हवतं?"

"नव्हतं."

"आन्‌ आता कळल्यावर?"

"हसला. सगळ्यांना सांगत सुटलाय."

यावर ते काहीच बोलले नाहीत. मला आज्ज्याचा उजवा अंगठा आठवला. प्रत्येक घराच्या कपड्याला वेगळी खूण असायची. बिब्बा सुईनं टोचायचा, त्याचं काळं तेल सुईच्या टोकावर घ्यायचं, कॉलरच्या आत किंवा धोतराच्या काठाला ठिपके द्यायचे, वरून चुना. धुऊन कापड विरलं तरी ती खूण जायची नाही. एका घराला दोन ठिपके आणि आडवी रेघ, दुसऱ्याला तीन ठिपके त्रिकोणात, दवाखान्याला फुली. आज्ज्याला अक्षर ओळख नव्हती, पण दीडशे घरं त्याला ठिपक्यांनी पाठ होती. बिब्बा उतून उतून त्याच्या अंगठ्यावर जो डाग पडला होता, तो शेवटपर्यंत होता.

"मी काय म्हन्तो," आप्पा एकदम म्हणाले, "एवढ्या गावाचं कापड एका हौदात. मग कुनाचं कुठलं, ते कसं वळखायचे? बिब्बा तर तिकडं न्हाई."

मी सांगितलं की तिकडं सरकारी माणूस कापड मोजून, तपासून त्याला शिशाची चपटी मुद्रा लावायचा, नाण्यासारखी, कापडाच्या काठाला चिमटवून.

"शिसं?" आप्पांचा आवाज चढला. "आन्‌ इस्त्री करताना वितळत न्हवतं व्हय?"